जोडीने झिजलेले दाते

मिन्कोने खांद्यावरचे कोबीचे पोते पावाच्या दुकानाच्या पायरीवर टेकवले आणि घाम पुसायला टोपी काढली, तेवढ्यात वरून उतारावर ट्रॉलीबस येताना त्याला ऐकू आली. त्याने मान वळवली नाही. निळी गाडी, आणि चालवणारा तिहोमिर. दुकानाच्या जरा वर, जिथे रस्ता वळून नदीकडे उतरू लागतो, तिथे तिहोमिरचा पाय पॅडलवरून क्षणभर उचलला जाई आणि पुन्हा पडे. चालता चालता एखाद्याने बुटातला खडा सरकवावा तसा. ही लकब मिन्कोला पाठ होती, कारण नावडत्या माणसाची चाल जितकी पाठ होते तितकी आवडत्याची होत नाही. पण आज काहीतरी चुकत होते. मिन्कोला आज डेपोतून सुट्टी होती. पहाटे अंधारातच वेलिका, त्याची बायको, डबा घेऊन घराबाहेर पडली होती. या आठवड्यात निळीवर सकाळची पाळी तिची, दुपारची तिहोमिरची. मग निळीवर तिहोमिर कसा? आणि तो निळीवर असेल तर ती पहाटेपासून कुठे आहे? गाडी वळणावरून थांब्यापर्यंत यायला लागतो तेवढ्या वेळात त्याने शहरातली सगळी दारे उघडून पाहिली. तिहोमिरची नदीकाठची खोली, तिथला जिना, जिन्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळा, ज्या त्याने कधी पाहिल्याच नव्हत्या. गाडी थांबली, दार उघडले आणि आतून वेलिका म्हणाली, "काय रे, बहिरा झालास का? चढ लवकर, मागे गाड्या खोळंबल्यात."

तो पोते ओढत चढला. ती होती, पहाटे घातलेल्या राखाडी स्वेटरमध्ये होती, तिच्या कानामागे तोच पेन्सिलीचा तुकडा होता. खरे तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मागच्या बाकावर, चाकांच्या एक्सलच्या बरोबर वर बसल्यावर, त्याला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटू लागली. तिच्या जागी तिहोमिर असता तर ती एक फसवणूक झाली असती आणि फसवणुकीला तोंड असते, तिला विचारता येते. इथे ती स्वतः होती आणि तिच्या पायातून तिहोमिर चालला होता. उभा जन्म ज्या पायाचा आवाज तो भिंतीपलीकडूनही ओळखत आला, तो पाय आज त्याने पाठ फिरवून दुसऱ्याचा म्हणून ऐकला. वेलिका पॅडल सोडायची ती झोपलेले मूल खाली ठेवावे तशी, हळूहळू, बोटाबोटाने. सगळ्या डेपोत तसे कोणी सोडत नसे. शाळेच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच झाले, पाय उचलला आणि पडला. त्याने कान खाली नेला. आणि मग त्याच्या ध्यानात आले की खालून काहीच ऐकू येत नाही. निळीच्या वयाचा एक्सल कुरकुरतो, गुणगुणतो, म्हाताऱ्या माणसासारखा स्वतःशी काहीबाही बोलत राहतो. हा गप्प होता. तोंडात बोळा कोंबलेल्या माणसासारखा गप्प.

मिन्को डेपोत कान लावायचे काम करायचा. पहाटे गाड्या फाटकातून बाहेर पडताना तो फाटकाशी उभा राही, एकेकीचे चालणे ऐके आणि पुढच्या काचेच्या कोपऱ्यात खडूने गोल काढी. गोल म्हणजे जा. फुली म्हणजे परत आत, पिटवर, गाडीखाली उतरून बघायच्या खड्ड्यावर. हे काम त्याला मागाहून मिळाले, साखरेच्या दुखण्याने तो एकदा शेवटच्या थांब्यावर स्टिअरिंगवर डोके टेकून पडला त्यानंतर. त्याआधी तो आणि वेलिका एकाच गाडीचे दोन ड्रायव्हर होते. त्यांच्या डेपोत तशीच रीत, गाडी दोघांच्या नावावर, सकाळ एकाची, दुपार दुसऱ्याची, पुढच्या आठवड्यात उलट. गाडी पिवळी होती, म्हणून पिवळी. तेव्हा नवराबायको घरात कमी आणि पिवळीच्या पायरीवर जास्त भेटत. पाळी बदलताना ती उतरायची, तो चढायचा आणि त्याला सीट उबदार मिळायची. सीटखालच्या खणात फडक्यात बांधलेली बानित्सा असायची, भोपळा भरून भाजलेली पापुद्र्यांची वळकटी, वरच्या पापुद्र्यावर साखर भुरभुरलेली, तेव्हा साखर चालत होती. खणात कातडी हातमोजेही असायचे, विजेच्या तारेवरून निसटलेले टपावरचे दांडे दोरीने ओढून परत बसवायचे मोजे, गाडीगणिक एकच जोड. त्यात हात घातला की बोटे आधीच वाकलेली मिळायची, तिच्या हाताच्या आकाराची. लोक म्हणत, यांचा संसार कसला, एक येतो तेव्हा दुसरी जाते. त्यांना काय कळणार. दिवसभर तो तिच्या उबेवर बसलेला असे.

पिवळीच्या पत्र्याला भोके पडली, ती डेपोमागच्या गवतात, भंगार गाड्यांत गेली. वेलिकाला निळी मिळाली आणि निळीबरोबर तिहोमिर. चाळिशी न गाठलेला, रुंद हाताचा, गाडी पुसताना गाणारा. पहिल्या फेरीला वेलिकाने रीतीप्रमाणे पुढच्या चाकासमोर मगभर पाणी ओतले, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून, आणि तिहोमिर मोठ्याने म्हणाला, "ताई, नदी पडलीये खाली, एवढं पाणी कशाला?" सगळे हसले. वेलिकाही हसली. मिन्को फाटकाशी खडू घेऊन उभा होता आणि त्या दिवशी त्याने काढलेला गोल अंड्यासारखा लांबुळका झाला. सगळ्यांसमोर तो तिला वेलिकाताई म्हणे. ती त्याला तिशो म्हणे. तिहोमिरचे तिशो व्हायला किती दिवस लागले असतील, कोणत्या थांब्यावर झाले असेल, यावर मिन्कोने कित्येक हिवाळे घालवले होते. बानित्सा अजूनही भाजली जाई, अर्धी घरी राही, अर्धी फडक्यात जाई. निळीच्या हातमोज्यात त्याने एकदा गुपचूप हात घालून पाहिला. आतली बोटे आता रुंद झाली होती, वाकलेली मात्र तशीच होती, म्हणजे दोघांचे मिळून एकच काहीतरी झाले होते. पकडावे असे कधीच काही सापडले नाही. वेलिका वेळेवर घरी येई, तिच्या अंगाला गाडीचा आणि सूर्यफुलाच्या बियांचा वास असे, ती शनिवारी स्पेनमध्ये राहणाऱ्या लेकीशी फोनवर बोले, मिन्कोचे पाय चोळून देई. सापडत काही नाही म्हणूनच तर त्याला चैन नव्हते. डेपोत चेष्टा चालायची. पिटवरचा म्हातारा गेन्चो एकदा म्हणाला, "मिन्को, तू निळी आली की एवढा वेळ कान लावतोस, गाडी ऐकतोस का घर?" त्या दिवशी मिन्कोने निळीवर फुली मारली होती. पिटवर घेऊन पाहिली, काहीच निघाले नाही. तेव्हापासून निळीच्या बाबतीत त्याच्या कानाला कोणी किंमत देईनासे झाले, आणि खरे म्हणजे तोही देईनासा झाला.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कोणाला सांगितले नाही. पाळीच्या मधल्या वेळेत निळी धुवायला आली, तेव्हा ती त्याने पिटवर लावून घेतली आणि खाली उतरला. एक्सलच्या पोटात चाके फिरवणारे गिअर असतात आणि बुडाशी चुंबक लावलेला बोल्ट असतो, लोखंडाचा चुरा धरून ठेवणारा. तो काढला तर त्याला नखाएवढा तुकडा चिकटलेला, नुसता चुरा नव्हे, दात्याचा कोपरा. ऑइल खाली पडेना, ते सांडग्याच्या पिठासारखे घट्ट झाले होते. त्याने बोटावर घेतले, पेट्रोलमध्ये बुडवले, पांढऱ्या चिंधीवर पुसले. चिंधीवर भुसा राहिला. लाकडाचा बारीक भुसा, आणि त्यात मधूनमधून निळे ठिपके. ते निळे ठिपके त्याला ओळखायला दिवा लागला नाही. वसंतात त्याने मधमाश्यांच्या जुन्या पेट्या कापल्या होत्या, निळ्या रंगाच्या. त्यांचा भुसा त्याने पिठाच्या पोत्यात भरून ठेवला होता, धुरासाठी. पोते खाली खाली जात होते आणि तो उंदरांना शिव्या देत होता.

झिजलेल्या गिअरमध्ये भुसा घातला की आवाज बंद होतो. काही दिवस, काही महिने. हे वेलिकाला कोणी शिकवले तेही त्याला ठाऊक होते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, वडिलांच्या गावी, गवताच्या गंजीवर पडल्या पडल्या त्याने तिला सांगितले होते की बापाने जुना ट्रॅक्टर जत्रेत कसा विकला, रात्रीतून पोटात भुसा भरून, आणि घेणारा कसा म्हणाला की काय गोड चालतो हो. ती इतकी हसली होती की गंजीवरून घसरली. केसांतले गवत काढायला त्याला संध्याकाळ झाली. ती गोष्ट त्याने जगात दुसऱ्या कोणाला सांगितली नव्हती. आता ती तिहोमिरला माहीत होती. कोण जाणे, गवतासकट सांगितली असेल. मिन्कोला दात्याच्या तुकड्यापेक्षा त्याचाच जास्त त्रास झाला, आणि त्रास झाला म्हणून स्वतःची लाजही वाटली. मागचे चाक हाताने फिरवत त्याने भोकातून बोट आत घातले. एकाशेजारी एक दोन दात्यांचे कोपरे उडाले होते. तिसऱ्यावर चीर असावी, नखाला लागत होती. म्हणजे पायाची ती नवी लकब त्यासाठी होती. उतारावर गाडी ताणातून सुटते आणि वजन दात्याच्या दुसऱ्या अंगावर येते, तिथे खट् होते. तो खट् चुकवायला नेमक्या जागी पाय उचलायचा. तिहोमिर उचलत होता, वेलिका उचलत होती. दोघांनी मिळून एका दुखण्याभोवती चालायला शिकून घेतले होते, घरात कोणी आजारी असले की माणसे आवाज न करता वावरतात तशी, आणि ज्याच्यापासून लपवायचे तो हाच होता, फाटकावरचा कान.

आता नियमाने पाहिले तर विचार करण्यासारखे काही नव्हते. फुली. दाता मोडून अडकला तर इस्पितळाच्या उतारावर मागची चाके जाम होतील, आणि तिथे एका बाजूला खाली नदी आहे. पण निळीच्या जातीचे गिअर आता कुठे मिळत नव्हते. फुली मारली की निळी गवतात जाणार. नव्या गाड्या तरुणांना देणार होते. तिहोमिरला मिळेल, वेलिकाला नाही. तिला घरी बसवतील. म्हणजे एका खडूच्या फुलीने तिशो एकीकडे जाईल आणि वेलिका घरी येईल, कायमची. मिन्कोला जे रोज रात्री हवे असायचे तेच नियमही मागत होता. आणि हेच त्याला सहन होईना. त्याचा हात खडूकडे गेला की त्याला कळत नसे, हा हात उतारावरच्या माणसांना वाचवतो आहे की बायकोला ओढून आणतो आहे. आणि चालू द्यावी, गोल काढावा, तर तिला त्या उतारावरून रोज आपणच खाली सोडायचे. त्याने नवे ऑइलही घातले नाही. तुकडा खिशात टाकला, बोल्ट परत आवळला. वरून तिहोमिरचा आवाज आला, "मिन्कोभाऊ, निघू का? पाळीची वेळ झाली." मिन्को खालून म्हणाला, "आज नाही. ब्रेकचा पाइप बघायचाय. दुसरी घेऊन जा." तिहोमिरने वाकून खाली पाहिले. "ब्रेकचा का?" "ब्रेकचा." निळी त्या दुपारी पिटवरच राहिली, काचेवर काहीच न काढता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात वेलिका कोबी पिंपात रचत होती. देठाकडून चीर देऊन त्यात मीठ भरायचे, मग एकाशेजारी एक दाबून बसवायचे. मिन्को चीर देऊन एकेक तिच्या हातात देत होता. हे काम ते दर वर्षी असेच करीत.

"आज निळी खाली घेतली होती मी," तो म्हणाला.

"कळलं. तिशो म्हणाला, ब्रेकचा पाइप."

"ब्रेकचा नव्हता."

"तेही म्हणाला तो." तिने हातातला कोबी उलटा करून पाहिला. "काय ऐकू आलं तुला?"

"काहीच नाही. म्हणून तर उघडली."

तिला हसायचे नव्हते, पण आले. मिन्कोने खिशातला तुकडा काढून मिठाच्या ताटलीशेजारी ठेवला.

"माझ्या पोत्यातला भुसा," तो म्हणाला.

"मग काय विकत आणायचा होता?"

"कधीपासून?"

"चेरी आल्या होत्या तेव्हापासून बोलायला लागली ती. आधी मला वाटलं माझाच पाय चुकतोय. मग तिशोला विचारलं, तो म्हणाला, ताई, मला वाटत होतं माझा चुकतोय." ती कोबी दाबत राहिली. "मग आम्ही दोघांनी जागा शोधल्या. पावाच्या दुकानावर एक, शाळेशी एक, इस्पितळाच्या उतारावर तीन. तिथं पाय उचलला की बोलत नाही."

त्या आम्हीमध्ये मिन्को कुठेच नव्हता. त्याला तो उन्हाळा आठवला. ती संध्याकाळी अंगणात चेरीच्या बिया काढत बसायची आणि मध्येच तिचा उजवा पाय जमिनीवरून उचलला जायचा. त्याला वाटे, मुंगी असेल.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय झालं असतं? फुली मारली असतीस. निळी गवतात, तिशो नव्या गाडीवर आणि मी या पिंपापाशी. पिवळीचा एक्सल याच जातीचा, तो शाबूत असता तर तुझ्याच पाया पडले असते, मिन्को, तो घाल म्हणून. तोही गेलेला."

मिन्कोच्या हातातली सुरी थांबली.

"भीती नाही वाटली? उतारावर?"

"रोज वाटायची. लोकांना उतरवून एकटी न्यावीशी वाटायची खाली. पण रोज वाटली की तिची पण सवय होते." तिने वरून दगड ठेवला, पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले. "तुला अजून काही विचारायचंय. विचार."

"अजून काही आहे?"

"अजून काय असायला हवं तुला?" तिचा आवाज चढला नाही. "उद्या काचेवर काय काढणारेस, तेवढं सांग. म्हणजे डबा करायचा की नाही ते कळेल."

"कर डबा," तो म्हणाला.

पिवळीचा एक्सल गेलेला आहे हे मिन्कोनेच सगळ्यांना सांगून ठेवले होते. गेन्चोला, साहेबांना, वेलिकालासुद्धा. गवतातल्या बाकीच्या गाड्या लोकांनी कावळ्यांनी टोचाव्या तशा टोचून नेल्या होत्या, काचा, बाक, मोटारी. पिवळीला त्याने हात लावू दिला नव्हता. चेष्टेने तिला मिन्कोभाऊंची पहिली बायको म्हणत. दुपारच्या जेवणाच्या वेळी तो तिच्यात जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसे, फुटक्या टपातून उन्हाचा कवडसा मांडीवर पडे. सीट थंडच असे, पण त्याला वाटे खाली, पोटात, तो आणि वेलिका अजून आहेत. गिअरचा दाता दोन अंगांनी झिजतो, ओढताना एका अंगाने आणि सोडताना दुसऱ्या अंगाने. तो स्वतः ओढायचा जोराने. ती सोडायची हळू. पिवळीच्या दात्यांवर एका अंगाला त्याचे आयुष्य होते आणि दुसऱ्या अंगाला तिचे. ते त्याने कधी उघडून पाहिले नव्हते. पाहायची गरज वाटली नव्हती. पण ते त्याने ठेवले होते, जसे लोक मेलेल्यांचे कपडे ठेवतात. आणि आज कळले की त्याने ते ठेवले म्हणून वेलिकाने भुसा घातला, भुसा घातला म्हणून ती आणि तिहोमिर एका पायाने चालायला लागले. त्याने जे दोघांपासून लांब ठेवले, त्यानेच त्यांना जवळ आणले. रात्रभर तो याच वाटेने फिरत राहिला आणि दर वेळी गवताशी येऊन थांबला.

सकाळी त्याने निळीच्या काचेवर फुली मारली आणि गेन्चोला म्हणाला, "पिवळीचा एक्सल उघडायचाय."

"गेलेला म्हणत होतास ना?"

"नीट बघितला नव्हता."

"इतकी वर्षं तिच्यात जेवायला बसतोस, आणि नीट बघितला नव्हता." गेन्चोने त्याच्याकडे पाहिले, मग पाने-पकडी गोळा करायला लागला. झाकण निघाल्यावर म्हणाला, "अरे, हे तर नवरीच्या दातांसारखं आहे."

मोठे दातेरी चाक आणि त्याला फिरवणारे लहान, क्राउन आणि पिनियन, ही जोडी एकमेकांवर घासूनच एकमेकांची होते. एक नवे आणि एक जुने चालत नाही, दुसऱ्या जोडीतले एक आणून बसवले तरी ओरडते. काढायचे तर दोन्ही, घालायचे तर दोन्ही. मिन्कोने पिवळीची जोडी रॉकेलमध्ये धुतली आणि उजेडात धरली. एका अंगाला चकाकी गडद होती, दुसऱ्या अंगाला फिकी, रेशमासारखी. त्याने अंगठा फिरवला. मग निळीची जोडी बाहेर आली, ती त्याने त्याहून जास्त वेळ पाहिली. तुटके दाते सोडून बाकीच्यांवर तो शोधत होता, कोणते अंग कोणाचे. दोन्ही अंगे सारखीच झिजली होती. ओढणारा कोण आणि सोडणारी कोण, काही कळत नव्हते.

वजन उचलून धरायला माणूस हवा होता. तिहोमिर न बोलावता आला, कोट काढून खाली शिरला आणि त्याच्याशेजारी उताणा पडला. दोघांच्या तोंडावर एकाच एक्सलची सावली होती.

"मिन्कोभाऊ, माझ्यावर रागावलात का?"

"पाना दे."

"घ्या. रागावलात का?"

"हा नाही रे. मोठा."

"हा घ्या." तो जरा वेळ धरून राहिला. "मी म्हणत होतो ताईंना, तुम्हाला सांगू या. त्या म्हणाल्या, तो फुली मारेल आणि मग आयुष्यभर विचार करत बसेल की का मारली. त्यापेक्षा नकोच."

मिन्कोचा हात बोल्टवर थांबला. तिने त्याला आतून पाहिले होते, अगदी तळाचा बोल्ट काढून, आणि पाहिलेले ह्याला सांगितले होते.

"आणखी काय म्हणते ती?"

"तुमच्याबद्दल? दिवसभर तेच. मिन्को असं वळवायचा नाही, मिन्को दांडे असे बसवायचा. कान किटले माझे. मी एकदा म्हणालो, ताई, मग मिन्कोभाऊंशीच लग्न करायचं होतं." तो स्वतःच हसला आणि एक्सल हलला.

"नीट धर," मिन्को म्हणाला. सुखवावे असे ते बोलणे होते. पण त्याला दिसले ते एवढेच की दिवसभर ते दोघे त्याच्याबद्दल बोलतात आणि त्या बोलण्यात तो नसतो. मेलेल्या माणसाबद्दल बोलावे तसे. त्याने दात्यांना शेंदरी रंग लावला आणि चाक फिरवले. रंगाचा ठसा दात्याच्या मधोमध उमटायला हवा. तो कडेला उमटला. पातळ पत्रा घालून पुन्हा फिरवले, पुन्हा कडेला. जोडी तीच होती पण घर दुसऱ्याचे होते, बसायला वेळ घेत होती. शेवटी ठसा मधोमध आला, बोटाच्या पेरासारखा. "बसली," गेन्चो वरून म्हणाला. तिहोमिरच्या गालाला शेंदूर लागला होता, आणि वर आल्यावर मिन्कोला पिटच्या काठाशी उभ्या वेलिकाने सांगितले की त्याच्याही लागला आहे.

फेरीवर वेलिका आणि मिन्को दोघेच गेले. दुरुस्त केलेली गाडी तिच्याच ड्रायव्हरने रिकामी फिरवून आणायची आणि कान लावणाऱ्याने मागच्या बाकावर बसायचे, अशी डेपोची पद्धत. निघण्याआधी तिने मगभर पाणी चाकासमोर ओतले. तिहोमिर फाटकाशी होता, पण या वेळी त्याने नदीची चेष्टा केली नाही. निळी हलली आणि खालून पिवळीचा आवाज आला. मिन्कोने डोळे मिटले. तीच गुणगुण, ओढताना जरा जाड, सोडताना खाली उतरत जाणारी, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पिवळीच्या आवाजावर तो आणि ती एकाच वेळी बसले होते, एक पुढे आणि एक मागे, कोणी उतरत नव्हते, कोणी चढत नव्हते. त्याला वाटले, सीटखाली फडके असेल. त्याला वाटले, ही फेरी इस्पितळाच्या उतारावरून नदीपर्यंत जावी आणि नदीपाशी थांबूच नये. दुकानावरचे वळण आले. गुणगुण एका सुरात चालली होती, कुठे खट् नाही, काही नाही, आणि त्या नितळ आवाजात तिचा पाय उचलला गेला आणि पडला.

"आता उचलायची गरज नाही," तो मागून म्हणाला.

"उचलला का मी?" तिने आरशात पाहिले. "सवय रे. जाईल."

शाळेच्या कोपऱ्यावर तिने पाय उचलला नाही. तिने लक्षात ठेवून उचलला नाही, हे त्याला ऐकू आले. उतारावर पहिल्या जागी नाही, दुसऱ्या जागी नाही, तिसऱ्या जागी उचलला. एक्सल निर्दोष होता. परत आल्यावर त्याने काचेवरची फुली बाहीने पुसली आणि गोल काढला. तो व्यवस्थित, वाटोळा आला.

दुपारची पाळी तिहोमिरची होती. त्याने खणातले हातमोजे चढवले, फडके उचलून हुंगले आणि म्हणाला, "भोपळा." वेलिका म्हणाली, "सगळा संपवू नकोस, साखर कमी घातलीये आज, मिन्कोलाही चालेल अशी." मग निळी फाटकातून गेली आणि वेलिका येऊन मिन्कोच्या शेजारी उभी राहिली. पाळी संपली होती, ती घरी जाऊ शकत होती, पण दोघेही उभे राहिले आणि गाडी ऐकू लागले. पिवळीचा आवाज तिहोमिरच्या पायाखाली उतारावर लांब लांब जात होता. "छान चालतीये," वेलिका म्हणाली. मिन्कोने मान हलवली. त्याची नजर खाली होती. आवाज पावाच्या दुकानावरच्या वळणाशी पोचला असेल नसेल, आणि त्याच्या शेजारी, मातीत रोवलेल्या तिच्या उजव्या बुटाचे टोक हळूच वर उचलले गेले, क्षणभर तसेच राहिले आणि पुन्हा खाली टेकले.